मिक्स्ड रिॲलिटीच्या ट्युटोरियलमधली स्क्रिप्ट बदलायचीय? आधी कुठं बदलायलाव ते बघा

लातूरहून भाचीचा फोन आला, रात्रीचे साडेदहा झालेले. "मामा, कोडात नंबर बदलला, सेव्ह केलं, प्ले दाबलं, तरी डबा तसाच फिरायलाय. काही होईनाच गेलंय." ती बीसीएला आहे. कॉलेजात कुणीतरी मिक्स्ड रिॲलिटीचं एक ट्युटोरियल दाखवलं होतं, समोर हवेत एक चौकोनी डबा तरंगतो, टिचकी मारली की फिरायला लागतो, एवढंच. ट्युटोरियलमध्ये जसं सांगितलं तसं कॉपी-पेस्ट केल्यावर डबा फिरला. मग हिच्या डोक्यात आलं की याचा वेग आपल्या मनानं वाढवू, अन् तिथून गाडी चिखलात.

मी इकडं संभाजीनगरला, ती तिकडं, म्हणून सगळं फोनवर. पुढचे चार-पाच रविवार हेच चाललं होतं, अन् त्यातनं माझ्या एक लक्षात आलं. नवीन माणूस बहुतेक वेळा सी शार्प, म्हणजे हा कोड ज्या भाषेत लिहितात ती, येत नाही म्हणून अडकत नसतोय. असला डबा ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतात त्या युनिटीत एकच आकडा चार ठिकाणी राहतोय: कोडाच्या फाइलीत (हिलाच स्क्रिप्ट म्हणतात), इन्स्पेक्टर नावाच्या खिडकीतल्या रकान्यात, प्ले चालू असताना मेमरीत, अन् फोनवर नाहीतर चष्म्यात टाकलेल्या ॲपमध्ये. आपण बदलतो एकीकडं अन् मशीन वाचतंय दुसरीकडून. खाली जे लिहिलंय ते सगळं या चार जागांभोवतीच फिरतंय.

अन् हो, कोडाच्या ओळी मी इथं फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, देवनागरीत. टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा. त्यावरून काय गंमत झाली ते येतंय पुढं.

चष्मा नाही म्हणून बसून राहू नका

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच की होलोलेन्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मिक्स्ड रिॲलिटीचा चष्मा, कुठून आणायचा. आणायचा नाही. होलोलेन्सची पहिली आवृत्ती डेव्हलपर लोकांना २०१६ मध्ये मिळाली, दुसरी २०१९ मध्ये आली साडेतीन हजार डॉलरला, अन् २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिचं उत्पादनच बंद केलं. जुनी ट्युटोरियलं मात्र नेटवर ढिगानं पडलीत अन् शिकायला ती अजून चांगलीच आहेत. स्क्रिप्ट बदलायला शिकायचं तर लॅपटॉप, युनिटीची फुकट पर्सनल आवृत्ती अन् कोड लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एवढ्यावर भागतंय. ट्युटोरियलमध्ये मिक्स्ड रिॲलिटी टूलकिट असेल, ज्याला सगळे एमआरटीके म्हणतात, तर प्ले दाबल्यावर स्पेसबार धरला की स्क्रीनवर उजवा हात येतोय, डावं शिफ्ट धरलं की डावा, अन् माउसचं डावं बटण दाबलं की तो हात चिमटी काढतोय. डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांनी चालायचं, माउसचं उजवं बटण धरून इकडंतिकडं बघायचं. म्हणजे चष्मा न घालता नव्वद टक्के शिकणं होतंय असं माझं मत. पुढं अँड्रॉइड फोनवर टाकून बघता येतंय, फोन एआरकोर (गूगलची यासाठीची सोय) चालणारा पाहिजे फक्त.

रॅम ८ जीबी असेल तर चालतंय पण रडतरडत, १६ असेल तर निवांत. युनिटी अन् व्हिज्युअल स्टुडिओ मिळून डाउनलोड बरेच जीबी होतंय, त्यामुळं मोबाइलच्या दिवसाच्या डेटावर हा उद्योग करू नका, कॉलेजच्या वायफायवर नाहीतर कुणाच्या तरी ब्रॉडबँडवर रात्री लावून ठेवा. व्हिज्युअल स्टुडिओ टाकताना 'गेम डेव्हलपमेंट विथ युनिटी' या चौकोनात टिक करायला विसरू नका, विसरलात तर पुढं जी डोकेदुखी होते ती याच एका टिकची असते.

आधी ट्युटोरियलचं वय बघा

हे कुणीच करत नाही अन् सगळ्यात जास्त वेळ इथंच जातोय. ट्युटोरियल कोणत्या युनिटीसाठी लिहिलंय ते वरच कुठंतरी दिलेलं असतं. तयार प्रोजेक्ट डाउनलोड केला असेल तर त्यातल्या प्रोजेक्टसेटिंग्ज फोल्डरमध्ये प्रोजेक्टव्हर्जन नावाची टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्या ओळीत आवृत्ती लिहिलेली असते. युनिटी हबमध्ये, म्हणजे युनिटीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या टाकायच्या प्रोग्रॅममध्ये, तीच आवृत्ती टाका. नव्या आवृत्तीत उघडायचंच असेल तर आधी फोल्डरची कॉपी काढून ठेवा, कारण नव्यात एकदा उघडलेला प्रोजेक्ट जुन्यात परत नीट उघडेल याची खात्री नसते.

उदाहरण सांगतो. मायक्रोसॉफ्टचं होलोलेन्ससाठी ओरिगामी नावाचं जुनं ट्युटोरियल आहे, कागदाचे गोळे टिचकी मारून खाली पाडायचे. त्यात वर्ल्डकर्सर, गेझजेस्चरमॅनेजर, स्फिअरकमांड्स अशा छोट्या छोट्या स्क्रिप्ट आहेत, वाचायला एकदम सोप्या, नवशिक्याला यापेक्षा चांगलं मला तरी दुसरं सापडलं नाही. पण त्या काळी वरच्या यूझिंगच्या ओळीत, जिथं कोणतं तयार सामान वापरायचं ते सांगतात, 'युनिटीइंजिन डॉट व्हीआर डॉट डब्ल्यूएसए' असं लिहायचे. युनिटी २०१७.२ मध्ये त्या व्हीआरचं एक्सआर झालं, अन् २०१९.४ नंतरच्या आवृत्त्यांत हे जुनं सामानच काढून टाकलं. आता हे आजच्या युनिटी ६ मध्ये पेस्ट केलं की डझनभर लाल ओळी, अन् पोरगं समजतंय आपलंच काहीतरी चुकलं. कोड बरोबर होता, काळ पुढं गेला. अशा वेळी एकेक ओळ दुरुस्त करत बसण्यापेक्षा जुनी २०१९.४ आवृत्ती टाकून शिकून घ्या.

स्क्रिप्ट उघडायची कुठून

युनिटीत खाली प्रोजेक्ट नावाची खिडकी असते, तिच्यात दोन मोठी घरं दिसतात, ॲसेट्स अन् पॅकेजेस. ॲसेट्समधलं आपलं, पॅकेजेसमधलं भाड्याचं. पॅकेजेसमधली स्क्रिप्ट उघडून तुम्ही बदलली तर थोडा वेळ बदलल्यासारखी वाटते अन् मग युनिटी ती मूळपदावर आणून ठेवते, कारण ती लायब्ररी फोल्डरातल्या कॅशमध्ये असते. टूलकिटच्या स्वतःच्या स्क्रिप्टना म्हणून हात लावू नका, ॲसेट्समध्ये स्क्रिप्ट्स नावाचं फोल्डर असेल तेवढंच आपलं रान.

स्क्रिप्टवर डबल क्लिक करा. व्हिज्युअल स्टुडिओ उघडला, शब्द रंगीत दिसले, अन् 'ट्रान्सफॉर्म' लिहून डॉट दिल्यावर खाली यादी उघडली तर सगळं बरोबर. साध्या नोटपॅडमध्ये उघडलं किंवा डॉटनंतर काहीच येत नसेल तर एडिट मेनूत जा, प्रेफरन्सेस, एक्स्टर्नल टूल्स, तिथं एक्स्टर्नल स्क्रिप्ट एडिटरमध्ये व्हिज्युअल स्टुडिओ निवडा, खालचं रिजनरेट प्रोजेक्ट फाइल्सचं बटण दाबा, मग एडिटर बंद करून परत डबल क्लिक. ही यादी नसताना कोड लिहिणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं, आधी हे नीट करा मगच पुढं जा.

शेवटापासून वाचा, म्हणजे खालून वर

भाचीला मी सांगितलं, बदलू नको, आधी वाच. तिची स्क्रिप्ट होती एवढीशी. वर दोन यूझिंगच्या ओळी. मग 'पब्लिक क्लास डबाफिरव, कोलन, मोनोबिहेविअर'. महिरपी कंस उघडला. आत 'पब्लिक फ्लोट स्पीड इक्वल टू २० एफ सेमीकोलन'. मग स्टार्ट, रिकामा. मग अपडेट, अन् त्यात एकच ओळ: 'ट्रान्सफॉर्म डॉट रोटेट, कंसात शून्य, स्वल्पविराम, स्पीड गुणिले टाइम डॉट डेल्टाटाइम, स्वल्पविराम, शून्य, कंस पूर्ण, सेमीकोलन'.

मी खालून वाचायला लावतो, कारण काम होतंय ते खाली. अपडेटमधली ओळ दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर दर वेळी नवं चित्र येताना, एकदा चालते. स्टार्ट म्हणजे दुकानाचं शटर सकाळी एकदाच वर करणं, अपडेट म्हणजे दिवसभर गिऱ्हाइकाला तोंड देणं. रोटेटच्या कंसात तीन आकडे म्हणजे एक्स, वाय, झेड, तिन्ही अक्षांभोवती किती अंश फिरवायचं ते. मधला वाय म्हणजे उभा अक्ष, भोवरा फिरतो तसं.

आता डेल्टाटाइम काय भानगड आहे? मागच्या फ्रेमपासून आत्तापर्यंत किती सेकंद गेले तो आकडा. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर साधारण ०.०१६७. वीस गुणिले तो, असं ६० वेळा, म्हणजे सेकंदाला बरोबर २० अंश. पूर्ण गिरकी ३६० अंशांची, म्हणजे १८ सेकंदात एक गिरकी. वेग ९० केला तर चार सेकंदात एक. आता कुणी हुशारी करून डेल्टाटाइम काढून टाकला अन् वेग ९० ठेवला तर सेकंदाला ९० गुणिले ६०, म्हणजे ५४०० अंश, सेकंदात पंधरा गिरक्या, डबा दिसणारच नाही, नुसता धूर. अन् वर आणखी एक, ज्याच्या लॅपटॉपवर सेकंदाला दोनशे फ्रेम पडतात त्याच्याकडं तोच डबा तिपटीहून जास्त जोरात फिरणार. भाचीला मी हे मुद्दाम करून बघायला लावलं. सांगून कळत नाही, डबा पिसाळलेला दिसला की आयुष्यभर लक्षात राहतंय.

पहिला बदल आकड्याचा करू नका

पहिला बदल असा करा ज्यानं काही बिघडणारच नाही. स्टार्टच्या महिरपी कंसात एक ओळ: 'डीबग डॉट लॉग, कंसात अवतरणात काहीतरी, सेमीकोलन'. भाचीनं लिहिलं होतं 'आले का मी'. व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल एस. परत युनिटीच्या खिडकीवर क्लिक करा, खाली कोपऱ्यात थोडा वेळ चक्र फिरतं, ते थांबू द्या. ते फिरलंच नाही तर कंट्रोल आर दाबा, कुणीतरी ऑटो रिफ्रेश बंद करून ठेवलेलं असतं. मग प्ले. कन्सोलच्या खिडकीत तुमची ओळ दिसली का? दिसली तर चार गोष्टी सिद्ध झाल्या: तुम्ही बरोबर फाइल उघडली, ती सेव्ह झाली, ती कंपाइल झाली (मशीनला कळेल अशी झाली), अन् ती सीनमधल्या, म्हणजे मांडलेल्या देखाव्यातल्या, कुठल्यातरी वस्तूला चिकटलेली आहे. नाही दिसली तर या चारपैकी एक गळालंय. बहुतेक वेळा शेवटचं, स्क्रिप्ट बनवली पण डब्यावर ओढून टाकलीच नाही.

इथंच अजून एक सांगून टाकतो, सेव्ह दोन असतात. व्हिज्युअल स्टुडिओतलं कंट्रोल एस स्क्रिप्ट सेव्ह करतं, युनिटीतलं कंट्रोल एस सीन सेव्ह करतं. सीनच्या नावापुढं चांदणी दिसली म्हणजे सीन सेव्ह व्हायचाय. दोन्हीकडं दाबायची सवय लावा, आपल्याकडं लाइट काय सांगून जात नाही.

आता भाचीचा डबा

तर तिनं फाइलीत २० चे ९० केले होते, सेव्ह केलं होतं, कंपाइल झालं होतं, लाल काही नव्हतं. मी म्हणलं, अपडेटमध्ये लॉग टाक अन् स्पीड छापून बघ. कन्सोलमध्ये धडाधड २०, २०, २०. ती म्हणली, मामा, फाइलीत तर ९० दिसायलेत. म्हणलं, आता डब्यावर क्लिक कर, उजवीकडं इन्स्पेक्टर बघ, तुझ्या स्क्रिप्टच्या नावाखाली स्पीडच्या रकान्यात काय आहे? थोडा वेळ शांतता. "वीसच आहे की."

हे असं कामून होतंय ते नीट समजून घ्या. पब्लिक लिहिलेला आकडा इन्स्पेक्टरमध्ये रकाना म्हणून दिसतो. ज्या क्षणी तुम्ही स्क्रिप्ट डब्यावर ओढून टाकली त्या क्षणी युनिटीनं फाइलीतला आकडा उचलला अन् सीनच्या फाइलीत लिहून ठेवला. तिथून पुढं सीनमधला आकडा मालक. कोडातला २० हा फक्त जन्माच्या वेळचा आकडा, सातबारावर नाव चढल्यावर जुन्या कागदाला कोण विचारतो. प्रायव्हेट लिहून वर सिरियलाइझफील्ड लावलं तरी हेच होतंय. डबा प्रीफॅबमधून, म्हणजे वस्तूच्या साठवून ठेवलेल्या साच्यातून, आला असेल तर प्रीफॅबमध्ये एक आकडा अन् सीनमध्ये वेगळा असंही असू शकतंय, वेगळा असेल तर रकान्याचं नाव ठळक अक्षरात दिसतं.

उपाय साधा आहे. आकडे इन्स्पेक्टरमध्येच बदला, त्यासाठीच तो रकाना दिलाय, अन् आकड्यासाठी कोड उघडायचं सोडून द्या. कोडातलाच आकडा परत घ्यायचा असेल तर कंपोनंटच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून रिसेट करा, पण त्यानं त्या स्क्रिप्टचे सगळेच रकाने मूळपदावर जातात, त्यात ओढून टाकलेल्या वस्तू असतील तर त्याही निघून जातात, हे ध्यानात ठेवा.

पुढच्या रविवारी हिनं गंमत केली. स्पीड हा शब्द काढून तिथं चक्क 'वेग' लिहिलं, देवनागरीत. मला वाटलं आता लाल होणार. नाही झालं. सी शार्पमध्ये नाव कुठल्याही लिपीतल्या अक्षरांचं चालतं. पण त्याबरोबर इन्स्पेक्टरमध्ये जो ४५ टाकला होता तो गेला अन् कोडातला ९० आला. कारण सीनच्या फाइलीत आकडा नावानं साठवलेला असतो, नाव बदललं की युनिटीच्या लेखी जुना माणूस मेला अन् नवा जन्माला आला. नाव बदलायचंच असेल तर वर फॉर्मर्लीसिरियलाइझड्ॲज लावून जुनं नाव सांगता येतं, पण नवशिक्यानं आकडा कागदावर लिहून ठेवावा, परत टाकावा, संपलं.

मग तिला जोर चढला अन् तिनं आकडाही मराठीत टाकला, देवनागरी ९०. तिथं मात्र लाल. नाव मराठी चालतं, आकडा इंग्रजीच लागतो. दिसायला बरोबर दिसतंय म्हणून ही चूक शोधायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

प्ले चालू असताना केलेलं पाण्यात

तिसरी जागा. प्ले दाबलेलं असताना इन्स्पेक्टरमध्ये आकडे बदलून बघता येतात, डबा लगेच जोरात फिरतो, फार मजा येते, अन् स्टॉप दाबलं की सगळं जसं होतं तसं. मी स्वतः एकदा दीड तास बसून सगळी मांडणी जमवली होती, स्टॉप दाबलं अन् डोक्याला हात लावला. यावर दोन उपाय. एक, प्रेफरन्सेसमध्ये कलर्समध्ये प्लेमोड टिंट नावाचा रंग आहे, तो भडक करून ठेवा, म्हणजे प्ले चालू असला की अख्खी युनिटी रंगीत दिसते. मी लालसर ठेवलाय, भाचीनं हळदीचा पिवळा. दोन, जमलेली मांडणी जाऊ द्यायची नसेल तर प्ले चालू असतानाच तीन ठिपक्यांवरून कॉपी कंपोनंट करा, स्टॉप करा, मग पेस्ट कंपोनंट व्हॅल्यूज.

अन् प्ले चालू असताना स्क्रिप्ट सेव्ह करू नका. युनिटी चालू गाडीचं इंजिन बदलायला जाते, मधेच भलतीच चूक दाखवते, तुम्ही ती खरी समजून शोधत बसता.

लाल ओळी वाचायच्या कशा

लाल दिसलं की घाबरून कन्सोल बंद करणारे मी बघितलेत. लाल ओळीत पत्ता लिहिलेला असतो. आधी फाइलचं नाव, मग कंसात दोन आकडे, पहिला ओळ क्रमांक, दुसरा त्या ओळीतलं कितवं अक्षर, मग ती चूक कोणती त्याचा नंबर, मग इंग्रजीत कारण. डबल क्लिक केलं की एडिटर थेट त्या ओळीवर नेऊन सोडतो. नियम एकच: सगळ्यात वरची चूक आधी. एक कंस राहिला की खाली बारा चुका पडतात, वरची मिटवली की अकरा आपोआप जातात.

सीएस १००२ म्हणजे सेमीकोलन राहिला, अन् तो बहुतेक दाखवलेल्या ओळीच्या शेवटीच राहिलेला असतो. सीएस १५१३ म्हणजे महिरपी कंस बंद केला नाही. सीएस ०१०३ म्हणजे असं नाव इथं कुणी ओळखत नाही, स्पेलिंग बघा, लहान-मोठं अक्षर बघा. सीएस ०२४६ म्हणजे अख्खा प्रकारच सापडत नाही, यूझिंगची ओळ राहिली नाहीतर ते पॅकेजच टाकलेलं नाही. सीएस ०६६४ म्हणजे दशांश आकड्यामागं एफ राहिला, २०.५ नव्हे, २०.५ एफ. एवढ्या पाचावर पहिले दोन महिने निघतात.

एक आपल्याकडची खास चूक. मित्रानं कोड व्हॉट्सॲपवर पाठवला, यानं तिथून कॉपी केला. मधे कुठंतरी सरळ अवतरण चिन्हं जाऊन तिरकी, नक्षीची येतात. दिसायला जास्त चांगली, सी शार्पला चालत नाहीत. कोड पाठवायचा तर फाइल पाठवा.

लाल येतच नाही त्या चुका जास्त वाईट. अपडेटचा यू लहान लिहिला तर कोड कंपाइल होतो, चूक शून्य, अन् डबा ढिम्म. युनिटी मोठ्या यू वाल्या अपडेटला हाक मारत असते, लहान यू वाला कोपऱ्यात बसून राहतो. फाइलीचं नाव अन् क्लासचं नाव सारखं ठेवा, नाहीतर स्क्रिप्ट डब्यावर चढताना नखरे करते. नाव बदलायचं ते युनिटीच्या खिडकीतच बदला, विंडोजच्या फोल्डरात जाऊन नको, कारण प्रत्येक फाइलीसोबत एक मेटा फाइल असते अन् ती मागं राहिली की सीनमध्ये 'मिसिंग स्क्रिप्ट' लागतं. टिचकीला जोडलेल्या फंक्शनचं नाव कोडात बदललं तर इव्हेंटच्या रकान्यातही 'मिसिंग' येतं, तिथं परत निवडून द्यावं लागतं, अन् निवडायच्या यादीत यायला ते फंक्शन पब्लिक पाहिजे.

प्ले केल्यावर नलरेफरन्स नावाची चूक आली तर कोड बघायच्या आधी इन्स्पेक्टर बघा, कुठलातरी रकाना 'नन' म्हणून रिकामा असतो, त्यात वस्तू ओढून टाकायची राहिलेली असते.

मिक्स्ड रिॲलिटीचं म्हणून जे वेगळं आहे

साध्या गेममध्ये आकडे कसेही ठेवले तरी चालतंय, इथं नाही. इथं एक युनिट म्हणजे खरोखरचा एक मीटर. युनिटीचा तयार क्यूब एक मीटरचा येतो, म्हणजे ज्वारीच्या कणगीएवढा डबा तुमच्या टेबलावर. स्केल तिन्हीकडं ०.१ करा, दहा सेंटिमीटर, चहापत्तीच्या डब्याएवढा. अन् जागा शून्य, शून्य, शून्य ठेवली तर डबा तुमच्या डोक्यातच उगवतो, कारण ॲप सुरू होताना तुमचं डोकं जिथं असतं तिथंच बहुतेक शून्य असतं. डबा दिसत नाही म्हणून लोक कोड तपासतात अन् डबा असतोय कपाळामागं. झेड २ करा. होलोलेन्ससाठी मायक्रोसॉफ्टचा सल्लाच होता की वस्तू सव्वा ते पाच मीटरच्या आत ठेवा अन् दोन मीटर सगळ्यात बरं, डोळ्याला ताण येत नाही.

कॅमेरा स्क्रिप्टनं हलवू नका. कॅमेरा म्हणजे घालणाऱ्याचं डोकं, ते आपण नाही हलवायचं, डबा हलवा.

टिचकी लागत नसेल तर कोलायडर बघा, म्हणजे वस्तूभोवतीचं न दिसणारं कवच, टिचकी त्यालाच लागते. युनिटीच्या क्यूबला तो आपोआप असतो, बाहेरून आणलेल्या मॉडेलला नसतो. भाचीनं क्यूब काढून नेटवरून तांब्याचं मॉडेल आणलं अन् टिचकी बंद, सगळा कोड तोच. बॉक्स कोलायडर लावला, सुरू.

काळ्या रंगाचं पण सांगतो. होलोलेन्ससारख्या आरपार चष्म्यात काळा रंग म्हणजे प्रकाश नाही, म्हणजे काहीच नाही, आरपार. आपली काळी माती तिथं दाखवायला गेलात तर शेतच गायब होणार. गडद करडा वापरा.

तांब्यावर मराठीत नाव लिहायचं मनात असेल तर युनिटीतल्या अक्षरं दाखवायच्या टेक्स्टमेशप्रोवर विसंबू नका, जोडाक्षरं फुटतात अन् पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते. नाव चित्र म्हणून बनवा, पीएनजी टाका, विषय संपला.

चौथी जागा, फोन नाहीतर चष्मा

लॅपटॉपवर बदललेलं फोनवर आपोआप जात नाही, दरवेळी नवीन बिल्ड, म्हणजे तयार ॲप, काढून फोनवर टाकावं लागतं. हे सगळ्यांना माहीत असतं अन् सगळे विसरतात. मी स्टार्टमधल्या लॉगच्या ऐवजी डब्याचा रंगच दर बिल्डला बदलायला सांगतो, सोमवारी हिरवा, मंगळवारी केशरी, म्हणजे हातात जुनं ॲप आहे की नवं ते लांबूनच कळतं.

होलोलेन्सच्या बाबतीत आणखी एक फसवी जागा आहे. युनिटी बिल्ड केल्यावर एक नवीन व्हिज्युअल स्टुडिओ सोल्यूशन तयार करून देते, चष्म्यात टाकण्यासाठी. म्हणजे आता दोन सोल्यूशन, दोन्हीचा आयकॉन सारखा. नवीन माणूस बिल्डमधलं उघडतो अन् आपली स्क्रिप्ट शोधतो, तिथं सी प्लस प्लसचं जंगल असतं. तिथं काही बदलायचं नाही, पुढच्या बिल्डला ते पुसलं जातं. स्क्रिप्ट नेहमी युनिटीतून डबल क्लिक करूनच उघडायची, बिल्डवालं फक्त डिप्लॉय करायला.

प्रोजेक्ट कुणाला पाठवायचा असेल तर ॲसेट्स, पॅकेजेस अन् प्रोजेक्टसेटिंग्ज हे तीनच फोल्डर झिप करा. लायब्ररी फोल्डर काही जीबीचं असतं अन् ते समोरच्याकडं आपोआप परत तयार होतं. माझ्या डेस्कटॉपची एकदा इंपोर्ट चालू असताना लाइट गेली, नंतर प्रोजेक्ट उघडेना. हबपासून सगळं बंद केलं, फक्त लायब्ररी फोल्डर उडवलं, परत उघडलं, अर्धा तास घेतला पण प्रोजेक्ट आला. बाकी तीन फोल्डर मात्र कधी उडवू नका, तीच तुमची शिदोरी, फाइलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारं गिट शिकलात तर उत्तम, नाहीतर रोज रात्री तारीख टाकून एक झिप पेनड्राइव्हवर.

शिकवणाऱ्यासाठी दोन शब्द

मी पहिल्या रविवारी रिमोटवरनं तिच्या लॅपटॉपचा ताबा घेतला अन् सगळं पाच मिनिटांत नीट करून दिलं. पुढच्या रविवारी तीच चूक, तोच फोन. मग ठरवलं, माउसला हात लावायचा नाही. ती स्क्रीन दाखवणार, लाल ओळ मोठ्यानं वाचणार, मी फक्त विचारणार, "हा आकडा चारपैकी कुठल्या जागेचा?" पहिल्यांदा फार वैतागली. अन् स्क्रीनचा फोटो पाठवणं बंद करायला लावलं, तिरक्या फोटोत सेमीकोलन दिसत नाही, लाल ओळ कॉपी करून मजकूर पाठवायचा, सोबत युनिटीची आवृत्ती अन् शेवटी काय बदललं होतं ते.

परवा तिचा मेसेज आला. तांब्या आता ४५ नं फिरतोय, इन्स्पेक्टरमधून टाकलाय, बिल्ड पण झालं, फोनवर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून आजीला दाखवला. आजी म्हणली, उलटा फिरायलाय की गं हा. मामा, उलटं फिरवायला दुसरी स्क्रिप्ट लिहावी लागंल का?

म्हणलं, रकान्यात ४५ च्या आधी मायनस लाव.